मिलीमीटरांनी हात टेकले

मिलीमीटरांचा उजवा हात दुखतो ही बातमी घरात दात घासायच्या ब्रशने फोडली. तोवर त्यांनी ती मोठ्या शिताफीने लपवली होती. पिशवी डाव्या हातात घ्यायची, दार खांद्याने ढकलायचं, बरणीचं झाकण उघडायची वेळ आली की फोन आल्यासारखं करून गॅलरीत जायचं. पण एका सकाळी डाव्या हाताने दात घासता घासता ब्रश थेट नाकात गेला, आणि नेमकी तेव्हाच बायको टॉवेल घेऊन मागे उभी होती. तिने काही विचारलं नाही. नुसता टॉवेल पुढे केला, तोही उजव्या हाताशी. टॉवेल खाली पडला आणि बिंग फुटलं.

'मिलीमीटर' हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं, आणि पुढे इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने विचारू लागला. ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. साहेब कागदावर एक गिचमिड काढायचे आणि मिलीमीटर तिच्यातून कम्प्युटरवर बांधता येईल अशी इमारत उभी करायचे. भिंत एका मिलीमीटरने सरकलेली दिसली तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. दारंखिडक्या कुणीही काढाव्यात, पण जिना मात्र त्यांचा. त्यांनी काढलेल्या जिन्यावर आजवर कुणी अडखळलं नव्हतं, आणि अडखळलंच असेल तर तो माणूस मुळात चालण्यात कच्चा असणार, असं त्यांचं प्रांजळ मत होतं.

आणि सध्या त्यांच्या पडद्यावर जो जिना होता तो काही साधासुधा नव्हता. सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीत मधोमध गोल वळत वर जाणारा, खालून पाहिला तर आधाराशिवाय तरंगतोय असं वाटायला लावणारा जिना. असला जिना ड्राफ्ट्समनच्या वाट्याला एकदा येतो, पुष्कळांच्या तर येतही नाही. हात दुखतो हे साहेबांना कळलं असतं तर जिना शेजारच्या टेबलावर शॉर्टकटबाईंकडे गेला असता आणि मिलीमीटरांची रवानगी जुने नकाशे लावून ठेवायच्या खोलीत झाली असती. त्या खोलीत बसायला गेलेला माणूस पुन्हा बाहेर आल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं.

शॉर्टकटबाई सगळं काम कीबोर्डवर करत. माऊसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. मिलीमीटरांची एक भिंत होईतो त्यांचा एक मजला व्हायचा. भांडण असं दोघांत कधी झालं नव्हतं, पण घरी निघताना त्या मिलीमीटरांच्या पडद्याकडे पाहून 'सावकाश होऊ दे' एवढं म्हणायच्या, आणि ते तीन शब्द मिलीमीटरांना शिवीपेक्षा जास्त लागायचे.

डॉक्टरांनी मनगट इकडून तिकडून वाकवून पाहिलं आणि एकच काम पुन्हा पुन्हा केल्याने हे होतं, असं निदान केलं. मिलीमीटरांना याचा राग आला. आपण एकच काम करत नाही, प्रत्येक जिना वेगळा असतो, हे त्यांनी डॉक्टरांना उदाहरणं देऊन समजावलं. बाहेर रांग वाढली होती. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, काही दिवस कम्प्युटरपासून लांब राहा म्हणाले, ते जमत नसेल तर निदान माऊस तरी बदला म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

'माऊस बदला' हे शब्द बायकोने सहज म्हणून भावाला फोनवर सांगितले, आणि तिथून हे प्रकरण मिलीमीटरांच्या हाताबाहेर गेलं. हा मेहुणा कुठलीही वस्तू घेण्याआधी जगात तिच्याविषयी जे काही लिहिलं गेलंय ते सगळं वाचतो, आणि वाचून झालं की ती घेत नाही. दुसऱ्याला घ्यायला लावतो. त्यांच्या घरातली कपडे वाळवायचा न उघडणारा घडीचा स्टँड आणि न मिटणारी छत्री, दोन्ही त्याच्याच अभ्यासाची फळं होती. तो संध्याकाळी आला, मिलीमीटरांच्या मनगटाकडे न बघताच हळहळला आणि म्हणाला की चूक हाताची नाहीच, माऊस आडवा असण्याची आहे. माणसाचा हात निसर्गाने उभा ठेवलाय. तेव्हा माऊसही उभा पाहिजे.

उभा माऊस आला. दिसायला तो एखाद्या गृहस्थाने नमस्कार न करता हात पुढे करावा तसा होता. तो धरायचा म्हणजे दिवसभर त्याच्याशी हस्तांदोलन करत बसायचं. मिलीमीटरांनी मोठ्या उमेदीने हात पुढे केला, पण दोघांचे अंगठे काही केल्या जुळेनात. हाताचा अंगठा इकडे तर माऊसची खोबण तिकडे. मेहुण्याने फोनवरून धीर दिला की सवय व्हायला वेळ लागतोच, सगळ्या तज्ज्ञांचं यावर एकमत आहे. मिलीमीटर सवय करत राहिले. करंगळीने क्लिक करायलाही शिकले. शेवटी शॉर्टकटबाईंनी जाता जाता खोक्याकडे पाहिलं आणि हा डावखुऱ्यांसाठीचा आहे एवढंच सांगितलं. मेहुण्याला हे कळवल्यावर तो म्हणाला, तरीच स्वस्त मिळाला.

इकडे राहत्या इमारतीतही बातमी पसरली होती. समोरच्या दारात टाइपरायटर आजोबा राहत. जन्मभर टंकलेखन केलेला माणूस. त्यांच्या मते दुखण्याचं मूळ यंत्राच्या हलकेपणात होतं. यंत्र कसं पाहिजे, एक अक्षर उमटवलं की खालच्या मजल्यावर कळलं पाहिजे. हल्ली बोटांना विरोधच राहिला नाही, म्हणून ती बिघडतात. खालच्या मजल्यावर पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या मते मूळ मनगटात नव्हतंच, खांद्यात होतं. त्यांनी मिलीमीटरांना जिन्याच्या वळणावर उभं करून उताणं पोहताना करतात तसे हात फिरवायला लावले. तेवढ्यात आजोबा दूध घेऊन वर येत होते. दूध सांडलं, आणि आजोबांनी पुढे आठवडाभर हलकेपणाचा विषय काढला नाही, हा या व्यायामाचा एकमेव फायदा.

मेहुण्याचा अभ्यास पुढे सरकला होता. आता त्याचं मत असं की माऊस हलवायचाच कशाला. ट्रॅकबॉल नावाची चीज आहे, त्यात यंत्र जागेवर राहतं आणि वरचा गोळा तेवढा बोटांनी फिरवायचा. घरच्या पैशाने एकदा हात पोळल्यामुळे मिलीमीटरांनी हा ऑफिसकडून मागवायचं ठरवलं. कारणाच्या जागी हात दुखतो असं लिहिणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी 'कामात गोडी वाढावी' असं लिहिलं. अर्ज खरेदी विभागातून परत आला. ऑफिसच्या वेळात चेंडू खेळण्यास मंजुरी नाही, असा शेरा होता. मिलीमीटर स्वतः खरेदीवाल्यांकडे गेले आणि हा बॉल खेळायचा नसून फिरवायचा आहे असं म्हणाले. खरेदीवाल्यांनी चष्मा वर केला आणि मग तो भोवरा म्हणून मागवा म्हणाले, पण भोवराही खेळातच येतो. अखेर 'टेबलावर ठेवण्याची वस्तू' म्हणून तो मंजूर झाला. आधी चुकून पेपरवेट आलं, ते निराळं.

ट्रॅकबॉल खरंच चांगला होता. दोष एकच. गोळा साफ करण्यासाठी बाहेर काढता यायचा, आणि मिलीमीटरांना साफसफाईची आवड. वाचनालयाच्या समितीची माणसं साहेबांच्या केबिनमध्ये बसली होती त्या दिवशी मिलीमीटरांनी गोळा काढला, रुमालाने पुसला, आणि दुखऱ्या बोटांतून तो निसटला. टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून उघड्या दाराने केबिनमध्ये. ऑफिसची फरशी उताराची आहे हे मिलीमीटर कितीतरी वर्षं सांगत होते, ते अशा रीतीने सिद्ध झालं. ते मागोमाग आत गेले तेव्हा समितीच्या अध्यक्षबाई, हातात काठी असलेल्या वयस्कर बाई, तो लालभडक गोळा पायाशी घेऊन बसल्या होत्या.

जिना काढणारे ते हेच, अशी साहेबांनी ओळख करून दिली. मिलीमीटर टेबलाखालून बाहेर येत होते. अध्यक्षबाईंनी गोळा त्यांच्या हातात दिला आणि जिना फार सुंदर आहे असं म्हणाल्या. मग जरा संकोचून पुढे म्हणाल्या, "फक्त भिंतीच्या बाजूनेही एक कठडा द्या ना. वळणावर माणसाला हात टेकायला बरं पडतं."

मिलीमीटरांना ही सूचना आवडली नाही. भिंतीवर कठडा आला की जिन्याची रेषा तुटते, जिना तरंगत नाही, दवाखान्यासारखा दिसतो. एरवी त्यांनी हे नम्रपणे सांगितलं असतं, पण नुकतंच टेबलाखालून आलेल्या माणसाला स्वाभिमान जरा जास्तच सांभाळावा लागतो. ते ताडकन म्हणाले की त्यांच्या जिन्यावर हात टेकायची वेळ येत नाही. अध्यक्षबाई बरं म्हणाल्या आणि काठी सावरून बसल्या.

यानंतर मेहुण्याने पेन आणलं. पाटीसारखी एक काळी सपाट वस्तू आणि तिच्यावर फिरवायचं पेन. मिलीमीटरांचे डोळे भरून आले. तरुणपणी ते ड्रॉइंग बोर्डवर शाईच्या पेनने नकाशे काढत, त्या दिवसांची आठवण झाली. त्या दिवशी त्यांनी मान वर न करता काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. बायकोने बटणं लावून दिली, आणि लावता लावता एकदा वर पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मिलीमीटरांना भीती वाटली. जिना गेला तर जाईल, पण ही रेष काढण्यापलीकडे आपल्याला दुसरं येतं काय, असं त्यांच्या मनात आलं आणि बराच वेळ तिथून हललं नाही.

मेहुणा मात्र खचला नव्हता. हात निकामी तर पाय आहेत, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने पायाखाली ठेवायचं पेडल आणून दिलं. क्लिक पायाने करायचं, हाताला आराम. घरी सराव करताना मिलीमीटरांचा पाय जरा जोरात पडायचा. खालच्या पोहायच्या बाई वर येऊन नृत्य कधीपासून शिकताय असं विचारून गेल्या. तरी नेट लावून मिलीमीटर पेडल शिकले. इतकं शिकले की ऑफिसात त्याच्यात सुधारणाही केली. पेडल दाबलं की आधीचीच आज्ञा पुन्हा, आणि दाबून धरलं की पुन्हा पुन्हा. जिन्याला हे फार सोयीचं. एक पायरी काढायची आणि मग पाय ठेवून नुसतं बघत राहायचं.

ते चहाला उठले तेवढ्यात साफसफाईवाल्या बाईंनी फरशी पुसण्यासाठी टेबलाखालची जड पिशवी उचलली आणि पुसून झाल्यावर नीट परत ठेवली. पेडलवर. मिलीमीटर शिळोप्याच्या गप्पा मारत असताना इकडे जिना वाढत होता. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून गच्चीवर, गच्चीतून आरपार आभाळात. साहेब काहीतरी दाखवायला पाहुण्यांना घेऊन तिथे आले तेव्हा पडद्यावर इमारत कुठे दिसतच नव्हती. तळाशी एक ठिपका होता, तेच वाचनालय.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मिलीमीटरांना केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. सोमवारी सकाळी जिना समितीकडे जायलाच हवा, असं त्यांनी सांगितलं. मग बाहीतून डोकावणाऱ्या मनगटाच्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "जमत नसेल तर सरळ हात टेका. बाई करतील पुरा. यात लाजण्यासारखं काही नाही."

"हात टेकणाऱ्यांतला मी नाही, साहेब," मिलीमीटर म्हणाले आणि दाराची मूठ डाव्या हाताने शोधत बाहेर पडले.

बायकोने आता भावाचा फोन उचलणं बंद केलं आणि नवऱ्याला धरून फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेलं. टेबलावर सगळी यंत्रं मांडली गेली. बाईंनी त्यातल्या एकालाही हात लावला नाही. तुम्ही काम करताना मला बघायचंय, असं त्या म्हणाल्या. तुमच्याच खुर्चीत, तुमच्याच टेबलावर, तुमच्या नकळत कुणीतरी व्हिडिओ काढला तर उत्तम. मिलीमीटरांना हे मुळीच रुचलं नाही, कारण तसा व्हिडिओ काढू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते शेजारच्या टेबलावर बसत होतं.

शॉर्टकटबाईंना विचारायला त्यांनी सकाळ घालवली. शब्द जुळवून जुळवून शेवटी हात दुखतो, व्हिडिओ काढून हवाय, एवढंच बोलले. शॉर्टकटबाई कीबोर्डवरून बोटं न उचलता म्हणाल्या की ते त्यांना कधीपासून माहीत आहे. डबा डाव्या हाताने उघडता, दोन बोटांत पेन धरून सही करता, दिसत नाही होय. आणि साहेबांना पट्टा दिसला तो दिसला, मी त्यांना कधी बोलले नाही, बोलणारही नाही. मिलीमीटरांना एकदम हलकं वाटलं आणि त्याहून जास्त खजील वाटलं. व्हिडिओ त्यांच्या नकळत दुपारीच निघाला.

संध्याकाळी फिजिओबाईंच्या खोलीत तो लावला गेला. मिलीमीटर, बायको, आणि बोलावलं नसताना आलेला मेहुणा, असे तिघं पाहायला. पडद्यावर मिलीमीटर काम करत होते. स्वतःचं टक्कल मागून पहिल्यांदाच दिसल्याने त्यांचं बाकी कशाकडे लक्ष जाईना. पण बाईंनी तो थांबवला आणि बोट ठेवलं. कोपर हवेत होतं. मनगट हवेत होतं. माऊसवर फक्त बोटांची टोकं होती, आणि खांद्यापासून खालचा सगळा हात त्या टोकांवर टांगलेला होता. टेबलाला त्याचा कुठेही स्पर्श नव्हता. बाईंनी व्हिडिओ पुढे नेला. पडद्यावरच्या मिलीमीटरांनी एक रेषा पुरी केली, जरासे पुढे झुकले आणि कम्प्युटरच्या काचेवर हळूच फुंकर घातली. दुसरी रेषा. पुन्हा फुंकर.

"ही फुंकर कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"शाई वाळायला," मिलीमीटर म्हणाले.

आपण काय बोललो ते मिलीमीटरांच्या सगळ्यात शेवटी लक्षात आलं. मग मेहुण्याला जे हसू फुटलं ते त्याने खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण बायकोच हसायला लागल्यावर त्याचाही नाइलाज झाला.

मिलीमीटर हसले नाहीत. त्यांना त्यांचे ड्रॉइंगचे सर दिसत होते. ओल्या शाईवर हात पडला की दिवसाचं काम फुकट, म्हणून सर प्रत्येकाच्या मागून फिरत आणि लाकडी पट्टीने मनगट वर उचलत. हात टेकायचा नाही, म्हणत. तेव्हाचं ते कोवळं पोर ते वाक्य घेऊन घरी गेलं आणि नुसतं बोर्डापुरतं ठेवलं नाही, जन्माला पुरवलं. बोर्ड गेला, पेन गेलं, शाई गेली, सरही गेले. हात मात्र तेवढाच वर राहिला. ओला कागद आता नाही हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

फिजिओबाईंनी साधा, जुना, आडवा माऊस पुढे ठेवला. खुर्ची वर घेतली आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर ठेवायला सांगितलं. हालचाल कोपरातून करायची, मधे मधे थांबायचं, आणि दिलेले व्यायाम चुकवायचे नाहीत. बाकीची सामग्री परत करता आली तर करा, असंही म्हणाल्या. मेहुण्याने डावखुऱ्या माऊसवर हळूच रुमाल टाकला.

"टेका हात," बाई म्हणाल्या.

हात टेबलापासून बोटभर वर येऊन थांबला. खाली जाईना.

"मी आजवर कुणापुढे हात टेकले नाहीत," मिलीमीटर म्हणाले.

"अहो, टेबलापुढे टेका," बायको म्हणाली. "ते कुणाला सांगणार नाही."

हात खाली गेला. लाकूड गार होतं. कितीतरी वर्षांत प्रथमच आपल्या हाताचं वजन दुसरं कुणीतरी उचलतंय असं त्यांना जाणवलं, आणि ते बराच वेळ माऊसला न शिवता नुसते बसून राहिले.

एका बैठकीत दुखणं थोडंच जातं. मनगट ठणकतच होतं, पण शनिवारी आणि रविवारी मिलीमीटर ऑफिसात जाऊन बसले, थांबत थांबत, मनगट फिरवत, आभाळातल्या पायऱ्या एकेक पुसत खाली आले आणि जिना पुन्हा पहिल्यापासून वर नेला. सवयीने हात उचलला जायचा. तो उचलला की ते स्वतःलाच पट्टी मारल्यासारखं खाली बस म्हणायचे. वळणापाशी आले तेव्हा ते बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी साहेब थेट त्यांच्या टेबलाशी आले. शॉर्टकटबाई शेजारी होत्याच.

"काय मग," साहेबांनी काळजीने विचारलं, "टेकले का हात?"

"टेकले, साहेब," मिलीमीटर आनंदाने म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मिलीमीटरांच्या खांद्यावर थोपटलं, इतकी वर्षं तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं असं म्हणाले, नकाशांच्या खोलीला आता नवा पंखा बसवलाय हेही सांगितलं, आणि शॉर्टकटबाईंना जिना आपल्याकडे घ्यायला सांगितलं. काय झालं ते मिलीमीटरांना कळत होतं, पण कुठून दुरुस्त करावं ते सुचेना. हात टेकले म्हणजे टेकले, पण टेकले नाहीत, असं काहीतरी ते म्हणाले आणि साहेबांनी आणखीच हळुवारपणे थोपटलं.

शॉर्टकटबाई उठून त्यांच्या पडद्यासमोर आल्या. खाली वाकल्या. जिना तळापासून वरपर्यंत पाहिला, एकही बटण न दाबता.

"साहेब, यात मी काय करू?" त्या म्हणाल्या. "हा पुरा झालाय."

साहेब वाकले. मग त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा वाकले. जिना तरंगत होता, आणि भिंतीच्या बाजूने, वळणावळणाने, जरा खालच्या उंचीवर एक बारीक कठडा त्याच्यासोबत वर जात होता. रेषा तुटली नव्हती. उलट भिंतीने जिन्याला हाताशी धरून वर न्यावं तशी दिसत होती. हा कुणी सांगितला, तुम्ही तर नको म्हणाला होतात, असं साहेबांनी विचारलं.

मिलीमीटरांनी टेबलावर पसरलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"वळण मोठं आहे," ते म्हणाले. "चढणाऱ्याला मधे कुठेतरी हात टेकावासा वाटतो."

अध्यक्षबाईंना फोन लावायला साहेब केबिनकडे गेले, आणि जाताना पंख्याचं जे बोललो ते विसरा, असं म्हणून गेले. मिलीमीटरांनी कठड्याच्या शेवटच्या टोकाशी उरलेली एक छोटीशी रेष काढली. हात टेबलावरच होता. पण तोंडाला कुणी शिकवलं नव्हतं. ते पुढे झुकले आणि काचेवर हळूच फुंकर घातली. मग दचकून बाजूला पाहिलं.

शॉर्टकटबाई पाहत होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हा माणूस स्वतःच्या कामाकडे बघून सुस्कारे टाकतो. मिलीमीटरांनी त्यांना शाईचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि बोटं कीबोर्डवर ठेवण्याआधी म्हणाल्या,

"सावकाश होऊ दे. नीट वाळू दे."